पडद्याआडचा तिसरा डबा

१

पडदा सरकला, फळीवर दोनाऐवजी तीन डबे दिसले, आणि हॉलमधल्या एकाही माणसाच्या तोंडून "अरे, हे काय?" असं निघालं नाही. थोरलीला पहिला राग आला तो ह्याचाच.

शिंप्यांचा हॉल होता तो. कधीकाळी गोदाम असावं. एका अंगाला उंच खिडक्या, दुसऱ्या अंगाला कोरी भिंत आणि तिच्यावर आजाऱ्यासारख्या लुकलुकणाऱ्या ट्यूब. मधे नव्वद कारागीर, प्रत्येकाची ठरलेली जागा. वर्षातून एकदा ह्या नव्वदांनी एक कारभारी निवडायचा. रीत अशी, की दारात प्रत्येकाला एक पांढरं बटण मिळतं. गिऱ्हाइकं जिथं कपडे घालून बघतात त्या ट्रायलच्या खोलीत फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे मांडलेले असतात, एका उमेदवाराचा एक. डब्याला ज्याच्या त्याच्या रंगाची चिंधी बांधलेली, कारण अर्ध्या हॉलला वाचण्याचं वावडं. एकट्यानं पडद्याआड जायचं, बटण टाकायचं, बाहेर यायचं. ज्याच्या डब्यात सगळ्यांत जास्त बटणं, तो कारभारी. निम्म्याहून जास्त असायला हवीत असंही नाही. दुसऱ्यापेक्षा एक जास्त भरलं की झालं. आणि जिंकला की हॉल त्याचा. कुणी कुठं बसायचं, शाळांच्या गणवेशांचं काम कुणाकडे, छप्पर कधी दुरुस्त करायचं, सगळं तो एकटा ठरवणार. दुसरा आला त्याला काय मिळतं? पाणी पिऊन घरी जायला मिळतं.

ह्या खेपेला उभे होते तिघं. निळ्या चिंधीचा इस्त्रीवाला, बोलणं-चालणं-डोकं सगळंच इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. लाल चिंधीची थोरलीची सून. आणि पिवळ्या चिंधीचा बटणवाला, ज्याला कुणी सांगितलं होतं उभं राहायला देव जाणे. सुनेला मानणारे आणि बटणवाल्याला मानणारे एकाच पंगतीचे, दोघांनाही इस्त्रीवाला नको होता. म्हणून थोरलीनं आदल्या दिवशी बटणवाल्याला समोर बसवून घेतलं आणि उलगडून सांगितलं, की बाबा रे, तुझी दहा आणि आमची अडतीस वेगवेगळ्या डब्यांत गेली तर सपाट्या मधून निघून जाईल. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात, इथं तर भांडणसुद्धा लागत नाही, दोघं नुसते उभे राहिले तरी पुरे. बटणवाल्याला ते पटलं. त्यानं सगळ्यांदेखत डब्यावरची चिंधी सोडून खिशात घातली आणि आपली माणसं सुनेला देऊन टाकली. रिकामा डबा ट्रायलच्या खोलीतल्या कपाटात गेला.

आणि आज तो डबा पिवळी चिंधी बांधून फळीवर बसला होता.

मावळता कारभारी, म्हणजे कटिंग करणारा म्हातारा मास्तर, एकेक करून बटणं मोजत गेला. निळ्यात एक्केचाळीस. लाल डब्यात अडतीस. पिवळ्यात अकरा.

सून खाली बघत राहिली. थोरलीनं मात्र मान वळवून खिडकीजवळच्या आपल्या जागेकडे बघितलं. थोरली रफू करायची. फाटलेल्या कोटाची भोकं अशी भरायची की कोट शिवणाराही शोधत बसेल, असं तिचं नाव होतं. गेल्या वर्षभरात एकाही गिऱ्हाइकानं काम परत आणलं नव्हतं. सुईत दोरा ओवण्यासारख्या फुटकळ गोष्टींना तिला वेळ नसे, ते सून करून ठेवायची. हयातभर ती त्या पहिल्या खिडकीशी बसली होती, आणि ती जागा इस्त्रीवाल्यानं आपल्या मेहुण्याला कबूल केली होती. मेहुणा कॉलर शिवतो. कॉलर काय, आंधळासुद्धा शिवेल. रफूवालीला ट्यूबखाली बसवणं म्हणजे तिला घरी बसवणं.

"एवढे जण आत जाऊन आलात," ती म्हणाली, "तिसरा डबा दिसला नाही कुणाला?"

सगळ्यांना दिसला होता. पण ट्रायलच्या खोलीचा एक नियम आहे, आणि प्रत्येक शिंपी तो पहिल्या दिवशी शिकतो. पडद्याआड जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. कुणाची पाठ पोक काढलेली, कुणाच्या पोटावर वण, कुणाच्या झकपक कोटाखाली सदरा फाटका. गिऱ्हाइकाच्या अंगाला लावायचा नियम ह्या शहाण्यांनी डब्यालाही लावला. एकेक जण आत गेला, तीन डबे बघून आला आणि ओठ शिवून आपापल्या मशीनवर बसला. प्रत्येकाला वाटलं, बटणवाल्याचं मन फिरलं असेल, आपल्याला काय करायचंय. मेंढरंसुद्धा एकमेकांकडे बघून बें करतात.

"मी गेले तेव्हा दोनच डबे होते," थोरली म्हणाली.

 आजूबाजूचे सगळे एकदम आपापल्या मशीनचे दोरे नीट करायला लागले.

२

मास्तरनं घसा साफ करून रीत सांगितली. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं लबाडी कुणाची ते सगळ्यांसमोर दाखवून द्यावं, बटणं पुन्हा पडतील. पण उद्या दुपारी नवा कारभारी जागा वाटणार, त्याच्या आत. एकदा जागा वाटल्या की वर्षभर देवही बदलू शकत नाही.

थोरलीचा भाचा कॉलेजात शिकून आलेला. हॉलमध्ये तो हिशेब बघायचा आणि उरलेल्या वेळात लोकांना त्यांचं कसं चुकतं ते समजावायचा. तो लगेच मावशीच्या मागे लागला. म्हणाला, डबा कुणी ठेवला हा प्रश्नच फुसका आहे, ही रीतच मुळात कुजकी. नव्वदांपैकी एकोणपन्नास जणांना इस्त्रीवाला नको होता, तरी तोच बसणार. एकोणपन्नास बटणं गटारात. त्यापेक्षा पाच जणांचं मंडळ करावं, ज्याची जेवढी बटणं तेवढी त्याची माणसं, म्हणजे कुणाचंच मत वाया जाणार नाही.

थोरलीनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती पाणी न दाखवता शिवलेल्या आणि धुतल्यावर आखडलेल्या कापडाकडे बघायची.

पाच जणांचं मंडळ ह्या हॉलनं एकदा करून बघितलं होतं, भाचा तेव्हा पाळण्यात होता. छप्पर गळायला लागलं. पहिल्याकडे गेलं तर तो म्हणायचा दुसऱ्याला विचारा. दुसरा म्हणायचा तिसरा आडवा येतो. तिसरा चौथ्याकडे बोट दाखवायचा आणि पाचवा चहा सांगायचा. कोटांच्या थप्प्या भिजल्या, पण शिव्या कुणाला द्यायच्या तेच वर्षभर ठरेना. एक ना धड, भाराभर चिंध्या. पुढल्या वर्षी पुन्हा एकच कारभारी केला. छप्पर गळलं तशी थोरली सरळ त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोदेखत त्याचा उद्धार केला, आणि आठवड्यात छप्पर झालं. त्याच्यानंतरचा एक निकम्मा निघाला, तर पुढल्या बटणांना त्याला उचलून बाहेर ठेवला. भांडायचं नाही, वाटाघाटी नाहीत, मोजायला शाळा लागत नाही.

"एकाच माणसाची मान असली की दोन्ही हातांनी धरता येते," ती म्हणाली. "पाच माना असल्या की हातच पुरत नाहीत. ज्याला कारभार करायचाय त्यानं एकट्यानं करावा आणि एकट्यानंच खावे जोडे."

भाच्यानं विचारलं, मग हरलीस त्याचं काय?

ती म्हणाली, हरल्याचं दुःख तिला मुळीच नाही. छोट्यांनी बटणं पडायच्या आधी आपापसांत जमवून घ्यावं, हीच ह्या रीतीची खरी गंमत. मंडळवाले निवडून येऊन मग भांडतात. इथं भांडण आधी मिटवावं लागतं, नाहीतर आपटता. तिनं ते मिटवलं होतं. तिनं जुळवलेली शिवण कुणीतरी रात्रीतून उसवली, तिचा राग त्याच्यावर.

मग ती मास्तरकडे गेली. मास्तर आता इतका म्हातारा झाला होता की कात्री उचलताना आधी तिची परवानगी घ्यायचा. पण त्याला क्रम आठवत होता. सकाळी खोलीचं कुलूप त्यानं काढलं, दोन डबे स्वतः मांडले, तिसरा कपाटातच होता आणि कपाटाला कुलूप नव्हतं. मग रीतीप्रमाणे उमेदवारांनी एकेकट्यानं जाऊन डबे रिकामे आहेत ना ते बघितलं. आधी सून गेली, मग इस्त्रीवाला. त्यानंतर बटणं सुरू झाली, मानाप्रमाणे. पहिली थोरली.

"आणि माझ्या पाठोपाठ?"

मास्तरनं नाव घेतलं तशी थोरलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. दोन डबे बघून ती बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग जो आत गेला होता तो बटणवाला होता.

३

बटणवाल्याच्या जागेवर काचेच्या बरण्या, बरण्यांत बटणं, आणि बरण्यांमागे स्वतः बटणवाला, सगळ्यांत गोल आणि सगळ्यांत चकचकीत. थोरली समोर उभी राहिली तेव्हा सुनेसकट दहाबारा जण कामं टाकून जमले. भाचाही आला.

थोरलीनं त्याला विचारलं की आत गेलास तेव्हा काय दिसलं. तो आधी पडद्याआडच्या नियमामागे लपायला बघत होता. तिनं त्याला सांगितलं की नियम माणसांच्या पाठीपोटांसाठी आहे, डब्यांना अब्रू नसते. मग तो पाघळला. म्हणाला, डबा फळीवर होताच. तीन होते.

"आणि तू बाहेर येऊन बोंब का नाही मारलीस?"

बटणवाला लाजला. एवढा मोठा माणूस लाजताना बघणं ही शिक्षाच असते. त्याला वाटलं होतं, म्हणाला, की लोकांनाच तो हवा आहे. कुणीतरी रात्री जाऊन प्रेमानं डबा पुन्हा ठेवला. लोकांचं मन कसं मोडायचं? म्हणून त्यानं आपलं बटणसुद्धा त्याच डब्यात टाकलं.

"म्हणजे स्वतःच्या वरातीतून स्वतःच उतरलास," थोरली म्हणाली, "आणि मग मागून स्वतःच नाचत गेलास."

लोक हसले. तिनं त्यांना हसू दिलं आणि मग एकेक टाका घालत गेली. मी आत होते तेव्हा दोन डबे. माझ्यानंतर हा. ह्याच्यानंतर आलेल्यांना तीन दिसले. मधे दुसरं कुणी नाही. म्हणजे कपाटातून डबा काढून चिंधी बांधणारा हाच. आदल्या दिवशी मोठेपणा मिरवून माघार घ्यायची, आणि सकाळी पडद्याआड जाऊन ती परत घ्यायची. आज इस्त्रीवाल्यानं त्याला काय कबूल केलंय तेवढं विचारा.

बटणवाल्याचा रंग उडाला. त्यानं खिशात हात घालून एक पिवळी चिंधी बाहेर काढली. "माझी चिंधी ही, काकू. कालपासून खिशातच आहे. डब्यावर बांधलेली दुसरी आहे."

थोरलीनं डब्यावरची चिंधी सोडवून मागवली, दोन्ही घेतल्या आणि खिडकीशी गेली. बोटांत चोळल्या. एकाच विणीचं सुती, तेवढंच जाड, तेवढंच मऊ. उजेडात धरल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला.

"एकाच ताग्याचं कापड आहे," ती म्हणाली. "एक फाडून दोन केल्यास. पोरीसुद्धा ओळखतील."

बटणवाल्यानं तोंड उघडलं. त्यानं थोरलीकडे बघितलं, तिच्या हातातल्या चिंध्यांकडे बघितलं, मग सुनेकडे. आणि तोंड मिटलं.

"मावशी," भाचा हळूच म्हणाला, "पुरे आता. घरी जाऊ."

गुन्हेगार गप्प बसतो हे थोरलीला ठाऊक होतं. पण त्याच्याभोवतीचे दहाबारा जण का गप्प बसले? आत्ता हसणारी ही तोंडं, एकाएकी सगळी जमिनीकडे का वळली? तिला कीव करणाऱ्यांचा वास लांबून यायचा. इथं तो येत होता, आणि बटणवाल्याच्या दिशेनं जात नव्हता.

४

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती इस्त्रीवाल्याकडे गेली. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओल्या पायपुसण्याशी बोलण्यासारखं. पण हॉलमध्ये तिला घाबरायची गरज आता नसलेला तेवढा एकच माणूस उरला होता. तो जिंकला होता.

वाफेत उभा राहून तो कुणाची तरी विजार ताणत होता. तिला बघून त्यानं स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

तिनं विचारलं, डबे बघायला गेलास तेव्हा किती होते. तो म्हणाला, तीन. ती म्हणाली, खोटं बोलतोस, तुझ्यानंतर मी गेले आणि मला दोन दिसले. त्यानं विजारीची घडी घातली.

"बरं, तीन तर तीन. मग बोलला का नाहीस?"

"माझा फायदा होता, काकू."

एवढं उघडंनागडं उत्तर तिला कुणी वर्षात दिलं नव्हतं. तिला तो क्षणभर बरा वाटला, आणि त्याबद्दल स्वतःचाच राग आला.

तो पुढे म्हणाला, की डबा त्यानं ठेवला नाही. ठेवला असता तर सांगितलं नसतं, हेही खरं. पण ठेवला नाही. आणि बटणवाल्यानंही नाही, त्या बिचाऱ्याला डबा ठेवण्याइतकी अक्कल असती तर त्यानं आधी माघारच घेतली नसती. मग तो थांबला. इस्त्री आडवी होती ती उभी केली. काहीतरी बोलायचं होतं आणि त्याला ते बोलायला आवडत नव्हतं, एवढं त्याच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

"बटणवाल्याची चिंधी कोरी पिवळी आहे," तो म्हणाला. "डब्यावरच्या चिंधीवर बारीक छापील चौकडी आहे. पांढरी. तुम्ही काल दोन्ही खिडकीशी धरून एकच म्हणालात."

थोरली मघाच्या स्टुलावर बसली.

"सगळ्यांनी ओळखली ती चिंधी. कोण बोलणार? तुमच्या घरातलं म्हणून सोडून दिलं." त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. "तुमच्या सुनेच्या मशीनच्या गवसणीचा तुकडा आहे तो, काकू. दर महिन्याला मीच इस्त्री करतो."

५

सून शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. तिचं मशीन थोरलीच्या जागेला लागूनच, आणि मशीनवर पिवळी गवसणी. रोज डोळ्यांसमोर असणारी. थोरलीनं ती ओढून मांडीवर घेतली आणि कडेकडेनं बोटं फिरवत गेली. तीन कोपऱ्यांना दुमड होती, शिवलेली. चौथ्या कोपऱ्याला कापड आत खुपसलेलं होतं, आणि खुपसलेल्या भागाला दुमड नव्हती, तिथं कात्री चालली होती.

मग तिनं गवसणी खिडकीशी धरली आणि चौकडी शोधली. उजेड होता, डोळे उघडे होते. कापड एकसारखं पिवळं होतं, दुधावरच्या सायीतून बघावं तसं.

हॉलमधल्या दिवट्यांना ती आजवर हसत आली, की समोरचं दिसत नाही. आता तिनं बुद्धी चालवली, आणि निदान ती तरी अजून लख्ख होती. सगळा घोटाळा एका वाक्यानं झाला होता: मी गेले तेव्हा दोनच डबे होते. ते वाक्य तिचं होतं म्हणून तिनं ते तपासलं नव्हतं. पडद्याआडच्या अंधुकात तिला दोनच दिसले, एवढंच त्यात खरं. ते काढून टाकलं की राहतं काय? मास्तरनं दोन डबे मांडले. मग सून आत गेली. मग इस्त्रीवाला गेला तेव्हा तीन होते. म्हणजे डबा मास्तरनं ठेवला किंवा सुनेनं. मास्तरला कपाटाचा दरवाजा ओढायला दोन माणसं लागतात. आणि सुनेनं बाहेर येऊन डब्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. इस्त्रीवाला गप्प राहिला कारण त्याचा फायदा होता. सून गप्प राहिली, तिचा कसला फायदा? हरणाऱ्याला काय मिळतं?

सून परत आली. सासूच्या मांडीवरची गवसणी बघून ती उभ्या जागी थबकली, मग समोरच्या स्टुलावर बसली. नाही म्हणाली नाही, हेही बरंच केलं.

"का?" थोरलीनं विचारलं.

"आई, वर्षभरात किती कामं परत आली?"

"एकही नाही."

"सगळी आली," सून म्हणाली. "मी दारातच घेत होते. तुम्ही केलेलं रफू घरी उसवत होते आणि पुन्हा भरत होते."

थोरलीनं गवसणीची कापलेली कड पुन्हा आत खुपसली. 

सून मग हळूहळू बोलत गेली. जिंकली असती तर जागा तिलाच वाटाव्या लागल्या असत्या. खिडकी सासूला ठेवली असती तर सगळा हॉल म्हणाला असता, जिला दिसत नाही तिला उजेड दिला. लोकांना ठाऊक होतं, फक्त तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. आणि काढून घेतली असती, तर घरी सासूसमोर पाट मांडून कशी बसली असती? पाच जणांचं मंडळ असतं तर सांगता आलं असतं, की मी नको म्हणत होते, चौघांनी ऐकलं नाही. इथं सगळं एकटीवर. लपायला कोपरा नाही.

"मग उभी कशाला राहिलीस?"

"तुम्ही उभं केलंत. विचारलं होतंत?"

थोरलीनं ते गिळलं. कडू होतं. "म्हणजे माझ्या गळ्यावर सुरी परक्यानं फिरवावी, आणि तू शेजारी बसून डोळे पुसावेस. असंच ना?"

"हो."

"भित्री आहेस."

"हो, आई."

"एकोणपन्नास माणसांना त्या सपाट्याच्या पायाशी घातलंस. कशासाठी, तर सासूला एक वाक्य बोलायचा धीर नाही म्हणून. सरळ म्हणायचं होतं, म्हातारे, ऊठ. मी थोबाडीत दिली असती, पण उठले असते."

सुनेनं मान वर केली. उठला असतात का, असं तिनं विचारलं नाही, पण दोघींनीही ते ऐकलं.

गवसणी सुनेच्या हातात देत थोरली म्हणाली, "तू भरतेस त्याचा जोड दिसतो का?"

"नाही दिसत."

"मग एक तरी काम धड येतं तुला."

६

दुपारी सगळा हॉल ट्रायलच्या खोलीसमोर जमला. मास्तर खुर्चीत, शेजारी इस्त्रीवाला जागा आखायला हातात खडू घेऊन उभा. त्याचा मेहुणा आपली पेटी बांधूनच आला होता, लग्नघरी आलेल्या फुकट्या पाहुण्यासारखा. मास्तरनं विचारलं, लबाडी कुणाची ते कळलं का.

थोरली उठली. म्हणाली, डबा आमच्या घरातून ठेवला गेला. ठेवणारीनं तो स्वतःच हरण्यासाठी ठेवला. ज्यानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला त्याला भरपाई मागता येत नाही. बटणवाल्याला मी लबाड म्हणाले ते चुकलं, तो नुसता मूर्ख आहे. बटणं पुन्हा पडणार नाहीत.

नव्वद माना सुनेकडे वळल्या. सून लाल झाली, पण तोंड लपवलं नाही.

भाच्याला राहवेना. तो पुढे आला आणि म्हणाला की हा काय न्याय झाला, अडतीस आणि अकरा एकोणपन्नास होतात, सगळ्यांना माहीत असून एक्केचाळीसवाला बसणार?

"बसणार," थोरली म्हणाली. "त्या अकरा जणांना कुणी हात धरून नेलं नव्हतं. मला दिसलं नाही, त्यांना तर दिसत होतं. पडद्याआड जाऊन केलेला गाढवपणासुद्धा मोजायचा असतो, नाहीतर शहाणपण तरी कशाला मोजायचं? पुढल्या वर्षी आधी एकत्र बसा आणि मग आत जा."

मग ती इस्त्रीवाल्याकडे वळली आणि जागा वाट म्हणाली. तो खडूचा तुकडा ह्या हातातून त्या हातात करत राहिला. मागच्या भिंतीपासून सुरुवात करतो, म्हणाला. ती म्हणाली, पहिल्या खिडकीपासून करायची रीत आहे. त्यानं हॉलकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, मग थोरलीच्या डोळ्यांकडे, आणि चटकन नजर काढून घेतली.

"काकू, तुमची जागा... म्हणजे तुम्ही इतकी वर्षं... तुमचं असं करू, की तुम्ही आहात तिथंच..."

जिंकून आलेला माणूस, आणि ही ततपप. थोरलीला इतकी किळस आली की तिला बळच आलं. ती खिडकीशी गेली. सुयांचा डबा, कात्री, दोऱ्यांची पेटी पदरात घेतली. स्टूल उचललं. दोघं तिघं धावले, इस्त्रीवालाही धावला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "मला उठवणारा अजून निवडून आलेला नाही. मी माझी उठतेय."

मशिनांच्या रांगेतून ती चालत गेली, दोनदा कडेला ठेचकाळली, आणि दोन्ही वेळा मशीनच आडवं ठेवल्याबद्दल मशीनवाल्याचा उद्धार करून पुढे गेली. कोऱ्या भिंतीशी स्टूल टेकवलं. बसली. ट्यूब डोक्यावर कुरकुरत होती.

लांब, उजेडात, पहिली खिडकी रिकामी पडली होती. एका बाजूला पेटी घेतलेला मेहुणा, दुसऱ्या बाजूला जिचा जोड दिसत नाही अशी रफूवाली सून. मधे इस्त्रीवाला, हातात खडू, एकटा. त्याला विचारायला मंडळ नव्हतं, ढकलायला दुसरा नव्हता, आणि सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता.

थोरलीनं भिंतीला पाठ लावली. इथून तिला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता, पण कान शाबूत होते.

"बोल रे कारभाऱ्या," तिनं तिथूनच आवाज दिला. "आम्ही थांबलोय."